तीनदा पुकारा

दिल्लीत माणसाला नावानं हाक मारत नाहीत. आमच्या त्या मोठ्या कोर्टात नुसता आकडा बदलतो. "आयटम सतरा," असं कुणीतरी म्हणतं, काळ्या कोटांची एक रांग उठते आणि दुसरी बसते. पक्षकार बहुधा तिथं नसतोच. तो असतो परभणीकडच्या मानवत गावच्या नाहीतर आणखी कुठल्या बाजारात, आपला आकडा आज लागलाय हेही त्याच्या गावी नसतं. लोक मला विचारतात, इतकी वर्षं त्या खुर्चीत बसलात, कोणता निकाल मनात घर करून आहे? त्यांना घटनेबिटनेचं काहीतरी भारदस्त ऐकायचं असतं. मी तसलं काहीतरी सांगून त्यांची बोळवण करतो. खरं सांगायचं तर तो निकाल दिल्लीतला नाहीच. सत्तरच्या दशकात जिंतूरच्या कोर्टात मी स्वतःच्या हातानं लिहिलेला तो दीड ओळीचा हुकूम आहे.

तेव्हा मी तिशीच्या आतला दिवाणी न्यायाधीश होतो. निजामाच्या वेळची सवय म्हणून लोक मला मुन्सफसाहेबच म्हणत. पत्र्याची लांबलचक इमारत, पुढं ओसरी, आवारात एक जुनी चिंच, तिच्याखाली तारखेला आलेली माणसं. तालुक्याच्या गावात न्यायाधीशाचं जगणं काय असतं ते ज्यानं भोगलं त्यालाच ठाऊक. हॉटेलात चहा प्यायचा नाही, कारण हॉटेलवाल्याचा दावा माझ्याकडं. कुणाच्या लग्नाला जायचं नाही, कारण वरबाप साक्षीदार. न्हावी घरी यायचा, तोही तोंड मिटून हजामत करायचा. संध्याकाळी परभणीच्या रस्त्यानं मैलाच्या दगडापर्यंत एकट्यानं चालत जायचं आणि परत यायचं. वाटेत माणसं उठून सलाम करायची आणि मी पुढं सरकेपर्यंत बोलणं थांबवायची. बायको नांदेडला शाळेत शिकवायची, सुट्टीपुरती यायची. कैद्याला निदान सुटायची तारीख तरी असते, असं मी तिला लिहायचो.

त्यात मी बौद्ध घरातला. रुजू झालो त्याच आठवड्यात वकिलांच्या खोलीवरून जाताना ऐकलं, "आले सरकारचे जावई." मी ऐकलं नाही असं दाखवलं आणि मनाशी ठरवलं, माझ्याकडं बोट दाखवायला जागा ठेवायची नाही. कायद्याच्या पुस्तकाबाहेर पाऊल टाकायचं नाही. शिंक आली तरी कलम बघून शिंकायचं, असा मी झालो होतो. आज त्या पोराचा राग येतो आणि कीवही येते.

क्वार्टरच्या पुढच्या दारावर माझ्या नावाची लाकडी पाटी होती. ते नाव मी इथं लिहीत नाही. पहिलं माझं, मधलं बापाचं, शेवटी आडनाव. मधलं आणि शेवटचं, ही दोन्ही माझ्या बापानं कधीच टाकून दिली होती. छप्पन सालानंतर दादांनी, म्हणजे माझ्या बापानं, दीक्षा घेतली, नवं नाव घेतलं आणि गावाला सांगून टाकलं, "ज्या नावानं तुमी मला मेलेली ढोरं वढायला हाका मारल्या, त्या नावाला मी आता ओ देणार न्हाई." आणि दिली नाही. हाक मारली की चालतच राहायचे. त्यापायी दोनदा मार खाल्ला, पण मान वळवली नाही.

मी तेव्हा शाळेत होतो. माझंही नाव बदलायला दादा हेडमास्तरांकडं गेले. हेडमास्तर माणूस वाईट नव्हता. तो म्हणाला, स्कॉलरशिप जुन्या कागदावर आहे, धर्म बदलला तर ती जाईल, मग पोराला शिकवणार कसं? दादा शाळेच्या पायरीवर बराच वेळ बसून राहिले. मग मला जवळ बोलावून म्हणाले, "माझं मी टाकलं. तुझं शिकून मोठा झालास की तू टाक. तवर ऱ्हाऊ दे." मी हो म्हणालो. मॅट्रिक झाली की टाकीन, मग बी.ए. झालो की, मग वकिलीची सनद मिळाली की, मग नेमणूक झाली की. दर वेळी एखादा कागद आडवा यायचा. खरं म्हणजे कागद मीच आडवा घालायचो.

त्या उन्हाळ्यात दादा माझ्याकडं राहायला आले. आले ते मागच्या दारानं. मला वाटलं, ऊन लागतं म्हणून पुढून येत नसतील. दुसऱ्या दिवशीही मागून, तिसऱ्या दिवशीही मागून. मी म्हणालो, "दादा, पुढचं दार उघडं असतंय की."

"असू दे," ते म्हणाले. "मला मागचंच बरं हाय."

प्रौढांच्या वर्गात जाऊन ते वाचायला शिकले होते, हे तेव्हा माझ्या लक्षात यायला हवं होतं. आलं नाही.

दिवसभर क्वार्टरमध्ये बसून त्यांना करमेना. ते कोर्टाच्या आवारात चिंचेखाली जाऊन बसू लागले. न्यायाधीशाचा बाप म्हणून कुणी ओळखू नये, एवढी अट मी घातली होती. पटका, धोतर, हातात काठी. तशी पन्नास माणसं तिथं असायची. तिथं त्यांची एका म्हाताऱ्याशी गट्टी जमली. जिंतूरपासून तीन-चार कोसांवरच्या खेड्यातला, आमच्यासारखाच दीक्षा घेतलेला. ओढ्याकाठचं दोन एकर रान शेजारच्या बागायतदारानं नांगरून आपल्या रानात ओढलं होतं, त्याचा दावा माझ्यापुढं चालू होता. म्हाताऱ्याला दुसरी गुंठाभर जमीन नव्हती. त्याच्या विधवा लेकीचं पोटही त्या दोन एकरांवरच होतं.

एकदा जेवताना दादा म्हणाले, "त्या म्हाताऱ्याची एक गोष्ट हाय, तुला सांगायची..."

"दादा, नको," मी म्हणालो. "माझ्यापुढं दावा आहे. मी ऐकायचं नसतं."

"आरं पण इतकंच..."

"इतकंही नको."

दादांनी भाकरीचा तुकडा खाली ठेवला, पाणी प्यायले आणि पुन्हा तो विषय काढला नाही. माझं वागणं नियमाला धरून होतं. आजही कुणी नवा न्यायाधीश विचारायला आला, तर मी त्याला हेच सांगेन. पण त्या दिवशी मी ते एक वाक्य ऐकलं असतं तर पुढचं झालं नसतं, हेही तितकंच खरं.

म्हाताऱ्याच्या साक्षीची तारीख आली. त्याचा वकील त्या दिवशी परभणीला जिल्हा कोर्टात अडकला होता आणि आपल्या कारकुनाला, मुन्शीलाही सोबत घेऊन गेला होता. बागायतदार आणि त्याचा वकील मात्र वेळेवर हजर. मी पुकारा करायला सांगितलं.

पुकारा करणारा आमचा पट्टेवाला निजामाच्या अमदानीपासूनचा. दाढी पिकलेली, आवाज मात्र अजून ओढ्यापलीकडं जाईल असा. तो ओसरीवर गेला, कागद डोळ्यांजवळ धरला आणि वादीचं नाव, वल्द म्हणून बापाचं नाव, पुढं आडनाव असं सगळं लांबवून ओरडला, "हाजिर है?"

माझ्या उजव्या हाताला खिडकी होती. खिडकीतून चिंच दिसायची. दादा आणि तो म्हातारा शेजारी शेजारी बसलेले मला दिसत होते. पुकारा झाला तसा म्हातारा बोलायचा थांबला. पाठ ताठ केली, दोन्ही हात काठीवर ठेवले आणि समोर बघत राहिला. उठला नाही. तशी पाठ मी लहानपणापासून पाहत आलो होतो. गावात हाक आली की दादांची पाठ तशीच व्हायची. मला कळलं. उगाच खोटं कशाला बोलू, त्याच क्षणी सगळं कळलं. सातबाऱ्यावर त्याचं जुनं नाव होतं, म्हणून वकिलानं दावाही त्याच नावानं लावला होता. एरवी मुन्शी येऊन त्याच्या खांद्याला हात लावून "चला बाबा" म्हणायचा. आज मुन्शी नव्हता.

दुसरा पुकारा झाला. तिसरा झाला. म्हातारा हलला नाही. दादांनी तोंड फिरवून खिडकीकडं, म्हणजे माझ्याकडं पाहिलं.

"साब, आदमी नै है," पट्टेवाला आत येऊन म्हणाला.

बागायतदाराचा वकील उभा राहिला. वादी गैरहजर, दावा काढून टाकावा. मी खिडकीबाहेर बोट दाखवून म्हणू शकलो असतो, तो बघा बसलाय, त्याला आत आणा. पण मग कुणीतरी विचारलं असतं, साहेब, तुम्ही त्याला कसे ओळखता? आणि त्याच्याशेजारी तो कोण बसलाय? मी पेन उचललं. तीनदा पुकारा केला, वादी गैरहजर, दावा गैरहजेरीसाठी काढून टाकला. शाई वाळायच्या आत पुढचं प्रकरण घेतलं.

मधल्या सुट्टीत पट्टेवाल्यानं चहा आणून ठेवला आणि दाराशी घुटमळला. मी विचारलं, काय आहे?

"साब, वो बुड्ढा बैठा था," तो म्हणाला. "मैं देखा. पर मेरा काम पुकारने का है, उठाने का नै."

माझं कामही मी तसंच केलं होतं.

संध्याकाळी दादा चुलीपुढं बसून भाकरी थापत होते. मी शेजारी पाटावर बसलो. भाकरी तव्यावर टाकून ते म्हणाले, "त्यो तिथंच बसला व्हता."

"मला माहीत आहे."

"तुला दिसला?"

"दिसला."

त्यांनी तव्यावरची भाकरी उलटली. "मंग?"

मी त्यांना कायदा समजावून सांगायला लागलो. न्यायाधीशाला स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेलं चालत नाही, कागदावर यावं लागतं. अजून सगळं संपलेलं नाही, तीस दिवसांत अर्ज करता येतो, गैरहजेरीचं योग्य कारण दिलं की दावा पुन्हा चालवायला घेतात. दादांनी सगळं ऐकून घेतलं. शेवटी एवढंच म्हणाले, "आन् गैरहजर नसल तर?"

अर्ज आला. वकिलानं नेहमीचंच कारण घातलं होतं, वादीला ताप होता. असले अर्ज मी महिन्याला पाच मंजूर करायचो. ताप, एस.टी. चुकली, घरात मयत. कुणी तपासत नाही, सगळ्यांना ठाऊक असतं आणि कामं चालतात. मला हायसं वाटलं. माझ्या चुकीवर पांघरूण पडणार होतं. म्हातारा पिंजऱ्यात उभा राहिला. शपथ घेताना त्यानं नाव सांगितलं ते नवं. कारकुनानं माझ्याकडं पाहिलं. मी म्हणालो, लिहा.

"तुम्हाला त्या दिवशी ताप होता?" समोरच्या वकिलानं विचारलं.

"न्हाई साहेब. मी धडधाकट व्हतो. चिंचंखाली बसलो व्हतो."

त्याच्या वकिलानं कपाळाला हात लावला.

"मग हाक ऐकू आली नाही?"

"आली की. तीनदा आली."

"तरी उठला नाहीत?"

"ती हाक माझी नव्हती. पंधरा-सोळा साल झाले, त्या नावाला मी ओ देत न्हाई. शपत हाय मला."

बागायतदाराचा वकील हुशार होता, ते कबूल करायलाच हवं. तो शांतपणे म्हणाला, "साहेब, हा माणूस तो नसेल, तर सातबाऱ्यावरची जमीन याची नाही. आणि तोच असेल, तर याला तीनदा बोलावलं आणि हा जाणूनबुजून उठला नाही. काय ते एक यानं सांगावं."

इकडे आड, तिकडे विहीर. मी म्हाताऱ्याला विचारलं, "बाबा, तुमचं काय म्हणणं आहे?"

तो माझ्याकडं बघून म्हणाला, "ढोरं वढायच्या बदल्यात त्या नावानं जिमीन दिली आमाला. जिमीन माझी हाय, साहेब. नाव माझं न्हाई." मग म्हणाला, "हे तुमाला तरी समजंल."

कोर्टात कुणीतरी खाकरलं. मी निकालासाठी आठ दिवसांनंतरची तारीख दिली.

ते आठ दिवस मी कसे काढले ते माझं मला माहीत. घरात दादा बोलत नव्हते, बाहेर कुणाशी मी बोलायचं नव्हतं. मैलाच्या दगडापर्यंत जायचो आणि यायचो. कायद्यात वाट नव्हती असं नाही. कोर्टाच्या अंगच्या अधिकाराचं एक कलम आहे, न्यायासाठी जे करावं लागेल ते कोर्टानं करावं, असं सांगणारं. अशा जागेसाठीच तर ते लिहून ठेवलंय. मी ते वापरलंही. मधल्या रविवारी सकाळी बसून मी तीन पानांचा हुकूम लिहिला. माणसानं जे नाव सोडलं त्या नावानं मारलेली हाक ही त्याला मारलेली हाक नव्हे, वादीचं नाव दुरुस्त करावं, दावा पुन्हा पटावर घ्यावा. चांगला लिहिला होता. पुढं दिल्लीत मी पुष्कळ लिहिलं, पण इतकं सरळ काही लिहिलं असेल असं मला वाटत नाही.

मग सही करायला पेन टेकवलं. सहीत माझं नाव, मध्ये बापाच्या जुन्या नावाचं अक्षर, शेवटी ते आडनाव. वर तीन पानं मी सांगत होतो की कागद माणसाला बांधून ठेवू शकत नाही, आणि खाली मीच त्या कागदाला बांधलेला. वकिलांच्या खोलीत हा हुकूम वाचला जाईल तेव्हा सगळे आधी सही बघतील, मग हसतील. आपल्या माणसाला सांभाळलं म्हणतील, आणि वर म्हणतील, स्वतःला काही जमलं नाही ते. मी भ्यालो. साध्या मराठीत याला भिणंच म्हणतात. ती तीन पानं फाडून मी चुलीत घातली. मंगळवारी कोर्टात नवा हुकूम वाचला. वादी आवारात हजर असून जाणूनबुजून पुकाऱ्याला उठला नाही, सबब अर्ज नामंजूर.

म्हाताऱ्याचा वकील त्याला म्हणाला, "परभणीला अपील करू."

"त्याच्यात बी त्येच नाव लिवावं लागंल?" म्हाताऱ्यानं विचारलं.

"आता तर लिहावंच लागेल."

"मंग ऱ्हाऊ द्या."

असं म्हणून तो काठी घेऊन ओसरी उतरला. खिडकीतून मला दिसलं, त्यानं दादांना आमच्यातला नमस्कार केला. दादांनीही केला. माझ्याकडं दोघांपैकी कुणी पाहिलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी दादांनी पिशवी भरली. मी म्हणालो, "दादा, स्टँडपर्यंत येतो."

"नको. मुन्सफानं कुणासंगं हिंडू नये." एवढं बोलून ते निघाले, पण मागच्या दारानं नाही. पहिल्यांदाच पुढच्या दारानं बाहेर पडले आणि पाटीपाशी थांबले. वाचायला शिकलेल्या माणसासारखं एकेक अक्षर बोटानं दाखवत त्यांनी वाचलं. मधल्या नावावर बोट ठेवलं. "ह्यो कोण हाय?" त्यांनी मला विचारलं.

मी त्यांची पिशवी घ्यायला हात पुढं केला.

"त्यो मेला," ते म्हणाले. "म्या मारलाय. आन् तू त्याला दारावर बांधून ठिवलायस. आता तूच जज हायस. आता कुणाला भ्यायलास, लेकरा?"

ते रागानं बोलले असते तर सोपं गेलं असतं. ते हळू आवाजात बोलले आणि चालू लागले. मी पाटी काढणार होतो. खरंच काढणार होतो. बदली होईल तेव्हा नवीच करू, असं मी मनाला समजावलं. त्यानंतर दादा माझ्या कुठल्याच क्वार्टरवर आले नाहीत. मीच गावी जायचो. तिथं त्यांच्याकडून कळलं की तो म्हातारा आणि त्याची लेक त्याच ओढ्याकाठच्या रानात रोजानं निंदायला जातात. मुकादम त्याला नव्या नावानं हाक मारतो, नाहीतर तो येत नाही.

मी उच्च न्यायालयात जायच्या आधीच दादा गेले. वरातीमागून घोडं म्हणतात तसं, नावांबद्दल मी नंतर पुष्कळ निकाल दिले. माणसानं स्वतःला काय म्हणवून घ्यावं हा त्याचा हक्क आहे, असंही लिहिलं. वकील ते दाखल्याला काढतात. प्रत्येकाखाली तीच सही आहे.

दिल्लीतल्या शपथेच्या दिवशी मात्र आकडा नव्हता. भरल्या कोर्टात, सगळ्या देशाच्या वकिलांपुढं, नेमणुकीचा हुकूम मोठ्यानं वाचला गेला. माझं नाव, मग माझ्या बापाचं नाव, ज्याला त्यानं मार खाऊनही ओ दिली नाही ते, आणि मग आडनाव. बापाची ताठ पाठ मला आठवली, चिंचेखालची दुसरीही आठवली. आणि मी पहिल्याच हाकेला उठून उभा राहिलो.